चौथीच्या वर्गात बोरू, काजळाची शाई आणि बेटावरून आलेलं पत्र

खाडीकाठ:
इयत्ता चौथी, मुलं 19, जिल्हा परिषदेची शाळा, मालवण तालुका. शिवछत्रपतींच्या पाठांना जोडून चार शनिवार मोकळे आहेत. सिंधुदुर्गाचं बांधकाम चालू असताना बेटावरून किनाऱ्यावर आलेलं पत्र मुलांनी बोरूने, म्हणजे काडीच्या लेखणीने लिहावं, असा बेत आहे. एकदा करून बघितलं: फाउंटन पेनची निळी शाई, चिव्याची (बारीक बांबूची) काडी आणि वहीचा कागद. कागदावर शाईची डबकी पडली, अक्षर फुटलं आणि सगळ्यांनी पुस्तकातली तीच चार वाक्यं उतरवली. शाई नि बोरू घरी कसे करायचे, कागद कोणता घ्यायचा आणि मुलांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं? मोडी लिपी शिकवावी का? खर्च 300 रुपयांच्या आत हवा.

चिवार:
बाई, डबकी काडीमुळे पडतात, त्यात शाईचा दोष थोडाच आहे. चिवा पोकळ असतो, बुडवला की नळीत शाई चढते आणि टेकवताच सगळी एकदम खाली येते. म्हणून दौतीत सुती चिंधीचा बोळा ठेवा आणि शाई बोळा भिजेल इतकीच ओता. बोरू बोळ्यावर नुसता टेकवायचा. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटते. शिवाय दौत कलंडली तरी सतरंजी वाचते.

काडी वाळलेली घ्या, पेन्सिलीपेक्षा किंचित जाड, लांबी 15 सेंटिमीटर. हिरवी काडी सुकताना आक्रसते आणि चीर मिटते. वाळलेली तासभर पाण्यात ठेवून मगच तासा, नाहीतर उभी फुटते. आधी सुमारे 2 सेंटिमीटर लांबीचा तिरका छेद द्यायचा, आतला मऊ गर खरवडायचा, टोक निमुळतं होईल असे दोन्ही बाजूंचे खांदे उतरवायचे आणि टोकाला 5-6 मिलिमीटरची मधोमध चीर पाडायची. शेवटी टोक पाटावर ठेवून सुरीच्या एकाच दाबात कापायचं. टोकाची रुंदी 2 मिलिमीटर पुरे. 4 मिलिमीटरचं अक्षर दिसतं झोकदार, पण मुलांच्या हाताला आवरत नाही. सुरी मोठ्यांच्याच हातात हवी. 19 मुलांसाठी 25 बोरू करा, कारण चार-पाचांची चीर वरपर्यंत जातेच.

शाईला काजळ आणि बाभळीचा डिंक. बाजारातलं डोळ्यांचं काजळ चालणार नाही. त्यात तूप किंवा मेण असतं, ते पाण्यात मिसळत नाही आणि वाळतही नाही. पणतीत खोबरेल किंवा एरंडेल घाला, वात जाड ठेवा आणि वर मातीची परळ अशी उपडी धरा की ज्योतीचं टोक तिला जेमतेम लागेल. अंतर वाढलं की काजळी हवेतच जाते. तासाभरात चिमूटभरच जमते, तेव्हा हे काम आदल्या आठवड्यात घरी उरकून घ्या.

एक चमचा डिंक कुटून चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवा आणि फडक्यातून गाळा. दोन चमचे काजळी खलात घेऊन त्यात आधी थोडंच डिंकाचं पाणी घाला आणि निदान अर्धा तास घोटा. एकदम पाणी ओतलं की काजळी तेलकट असल्यामुळे वर तरंगते आणि मग काही केल्या मिसळत नाही. दाट लगदा झाला की उरलेलं डिंकाचं पाणी घालून पातळ करा. रेघ ओढा, दहा मिनिटांनी बोटाने घासा. काळं पुसलं गेलं तर डिंक कमी, रेघ चकाकून तडकली तर डिंक जास्त. बाटलीत एक लवंग टाका, आपल्या हवेत डिंकाचं पाणी दोन-तीन दिवसांत आंबतं. खलताना खिडकी बंद आणि पंखाही बंद! काजळीने भिंत काळी झाली की पुसल्याने ती अधिकच पसरते.

कवडी:
आता कागद. अक्षर फुटतं ते कागद शाई पितो म्हणून, आणि पावसात सादळलेला कागद तर जास्तच पितो. हा उपक्रम दिवाळीनंतर घ्या, श्रावणात नको.

साधा ड्रॉइंग पेपर घ्या आणि त्याला पेजेची खळ द्या. मूठभर तांदूळ लिटरभर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळून गाळा आणि वरच्या पातळ पेजेत चिमूटभर तुरटी विरघळवा. रुंद ब्रशाने एकच हात द्यायचा. दोन हात दिले की कागद कडक होऊन घडीवर मोडतो. सपाट वाळवा, दोरीवर टांगलात तर वळतो. पूर्ण सुकल्यावर गुळगुळीत पाटावर ठेवून कवडीच्या पाठीने एकाच दिशेने घोटा. घोटलेला आणि न घोटलेला तुकडा शेजारी ठेवून दोन्हींवर एकेक रेघ ओढायला लावा. खळ कशासाठी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

एक विनंती: कागद चहात बुडवून कडा जाळू नका. पत्र लिहिलं त्या दिवशी ते नवंच होतं. पिवळेपणा पुढे काळाने आला, आणि मुलांच्या डोक्यात 'जुनं म्हणजे जळकं' एवढंच राहतं.

शाई टिपायला पुळणीवरची वाळू वापरणार असाल तर दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन घ्या. मीठ राहिलं तर कागद ओल धरतो.

मर्यादेयं:
मजकुराबद्दल. 'शिवाजी महाराजांविषयी लिहा' म्हटलं की मुलं पुस्तकच उतरवणार. पत्राला गरज हवी: कोणी कोणाला, काय मागितलं, किती आणि कधीपर्यंत.

बांधकाम 1664 साली कुरटे बेटावर सुरू झालं. लिहिणारा बेटावरचा कारकून, वाचणारा किनाऱ्यावरचा अधिकारी. प्रत्येकाला चिठ्ठीवर दोन वस्तू द्या: चुना, शिसं, दोरखंड, तांदूळ, घमेली, पाथरवट, सुतार. पत्रात दोन आकडे आणि एक अडचण आलीच पाहिजे.

मग पत्रांची अदलाबदल करून तपासणी. 'आषाढात चुन्याचे दहा मचवे पाठवा' असं कोणी लिहिलं की बाकीची ओरडतात, आषाढात मचवा समुद्रात घालतं कोण! दर्यावर्दीच्या घरातलं पोर हे तुमच्याआधी पकडेल. तसंच प्यायच्या पाण्याचं. बेटावर दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. त्या खोदायच्या आधीचं पत्र की नंतरचं, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं.

मायना थोडक्यात: वर 'श्री', मग 'राजश्री अमुक यांसी', 'विनंती विशेष', मजकूर, शेवटी 'बहुत काय लिहिणे'. वरचा माणूस हाताखालच्याला लिहितो तेव्हा 'जाणिजे'. मुलांना हा फरक लगेच कळतो, घरी मोठा भाऊ असाच बोलतो.

A4 कागदावर 2 सेंटिमीटर अंतराने दहा ओळी आणि ओळीत चार शब्द बसतात, म्हणजे चाळीस शब्द. त्यामुळे कच्चा मसुदा पेन्सिलीने आणि शब्द मोजून. बोरूने खोडता येत नाही, हाच या साधनाचा मोठा फायदा.

शेवटी शिक्का. महाराजांच्या पत्राखाली 'मर्यादेयं विराजते', म्हणजे मजकूर इथे संपला, अशी मर्यादेची मुद्रा असे. तिच्याखाली कोणी काही वाढवलं तर उघडं पडतं. आधी विचारा, 'तुमच्या पत्रात मागाहून कोणी एक ओळ घुसडली तर?' नंतर मुद्रा दाखवा. मुलांसाठी नावाचं आद्याक्षर खोडरबरावर कोरायचं. मऊ पेन्सिलीने ट्रेसिंग पेपरवर लिहून कागद उलटा दाबला की अक्षर आपोआप उलटं उतरतं. बटाटा नको, त्याला पाणी सुटून ठसा पसरतो. शिक्क्याला काजळाची शाईही पातळ पडते, स्टॅम्प पॅड घ्या.

मोडी चौथीला नावापुरतीच. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्यांना लटकवून अक्षरं लिहायची. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्दही तोडत नाहीत. शुद्धलेखनाच्या आठवड्यात ती काढलीत तर मुलं तीच सबब पुढे करतील.

खाडीकाठ:
सगळ्यांचे आभार. दुसरी-तिसरीची मुलं त्याच खोलीत बसतात. त्यांना चाळीस शब्द जमणार नाहीत. त्यांना काय देऊ?

सडा:
कातळशिल्प द्या, म्हणजे खडकात कोरलेलं चित्र. राजापूरजवळच्या कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. चित्रावर चौकटी आखा, मैदानात सुतळीने 1 मीटरच्या चौकटी घाला आणि एकेका मुलाला एक चौकट खडूने उतरवायला सांगा. शेजाऱ्याची रेघ जुळली नाही तर चूक कोणाची, ते तेच शोधतात. नंतर दोन वाक्यं: एक 'मला दिसतं' ने सुरू होणारं, दुसरं 'मला वाटतं' ने. 'राजाने कोरला' हे पहिल्यात आलं तर खोडून दुसऱ्यात लिहायला लावा. सुतळी नीट ताणून बांधा, सैल पडली तर चौकटी तिरक्या होतात.