बोंडले : दिवा नव्हे, पळीही नव्हे

प्रश्न : सोलापुरातील आमच्या जुन्या घरी आजेसासूबाईंच्या लाकडी पेटीत चांदीचे एक लहानसे भांडे सापडले. तळहातावर मावेल एवढी खोलगट वाटी, तिच्या एका बाजूला निमुळती होत गेलेली लांब, वरून उघडी चोच, आणि खाली बैठक अशी काहीच नाही. सराफांच्या मते हा देवापुढचा दिवा आहे, तर शेजारच्या काकू याला अभिषेकाची पळी म्हणतात. याला नेमके काय म्हणावे?

उत्तर : ताई, वर्णनावरून हे बोंडले असावे, म्हणजे तान्ह्या बाळाला दूध किंवा बाळगुटी पाजण्याचे भांडे. दिव्याची चोच आखूड असते, कारण तिला फक्त वात टेकवायची असते आणि तेल बाहेर येऊ द्यायचे नसते. बोंडल्याची चोच मात्र दुधाची बारीक धार बाळाच्या ओठांपर्यंत नेण्यासाठीच लांब, पन्हळीसारखी ओढलेली असते. पळीला दांडा हवा, तो इथे नाही. बैठक नसण्याचेही नवल नाही, कारण हे भांडे पाजणारीच्या हातातच राहते. चोचीच्या कडेवरून बोट फिरवून पाहावे. हिरडीला लागू नये म्हणून ती बोथट केलेली असते.

आता शब्दाविषयी. कापसाचे बोंड आणि स्तनाचे बोंड या दोन्ही अर्थांनी ‘बोंड’ मराठीत रूढ आहे, आणि ‘बोंडले’ दुसऱ्या अर्थाशी जोडलेले असावे असे मला वाटते. वस्तू घरातून गेली तरी ‘मी काही बोंडल्याने दूध पीत नाही’, म्हणजे मी इतका अजाण नाही, हा वाक्प्रचार मागे राहिला. (हादग्याला इतरत्र भोंडला म्हणतात, त्याच्याशी याची गल्लत करू नये.) सोलापुरात या वस्तूला एकच नाव असण्याचे कारण नाही : कानडी घरांत ‘ओळले’, तेलुगू घरांत ‘उग्गु गिन्ने’. तेलुगूत ‘उग्गु’ म्हणजे बाळाला पाजायचे औषध वा पातळ अन्न, आणि ‘गिन्ने’ म्हणजे वाटी. तमिळमधील ‘पालाडै’ हा शब्द तर डॉक्टरांच्या बोलण्यातही रुळला आहे, कारण ओढून पिण्याची ताकद नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दवाखान्यात आजही अशाच चोचीच्या भांड्याने आईचे दूध पाजतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर : कड खरोखरच गोल दुमडलेली आहे. काल पूर्व भागातील एका विणकर घरच्या आजींना भांडे दाखवले, तर मी काही विचारण्याआधीच त्यांनी ते डाव्या हातात धरले आणि उजव्या मांडीवर बाळ असल्यासारखी मान झुकवली. मग म्हणाल्या, ‘उग्गु गिन्ने’.