शब्दचर्चा : स्वतःहून पडलेल्याला ‘बिचारा’ म्हणावं का?

धागाकर्ती

आमचे मामा निवृत्त झाल्यावर शेअर बाजारात उतरले. आधी स्वतःच्या पैशांनी, मग कर्ज काढून. सगळ्यांनी सांगून पाहिलं. गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. परवा विषय निघाला तेव्हा माझ्या तोंडून ‘बिचारे मामा’ निघून गेलं आणि सगळे माझ्यावर तुटून पडले. ‘बिचारे कसले? हे तर हात दाखवून अवलक्षण!’ भावाचं म्हणणं असं की बिचारा तो, ज्याचा काही दोष नसतो. मला पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. म्हणून इथे शब्दापुरतंच विचारते. जाणूनबुजून जोखीम घेतलेल्या माणसाला बिचारा म्हणणं चूक आहे का? चूक असेल तर दुसरा कोणता शब्द वापरायचा?

टाकबोरू

अजिबात चूक नाही. बिचारा हा फारसीतून आलेला शब्द. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चारा’ म्हणजे उपाय, इलाज. ‘आता दुसरा चारा उरला नाही’ असं आपण म्हणतो, तोच हा चारा (गुरांच्या चाऱ्याशी याचं काही नातं नाही). ज्याच्यापाशी इलाज उरला नाही तो बिचारा. यात दोषाचा उल्लेख कुठेच नाही. तुमच्या भावाची गल्लत काळाची झाली आहे. ‘तेव्हा दुसरा चारा होता की नाही?’ असं तो विचारतोय. शब्द विचारतो, ‘आज आहे का?’ मामांकडे तेव्हा दहा वाटा होत्या, आज एकही नाही. बिचारेच म्हणायचे.

पाऊलवाट

टाकबोरू, युक्तिवाद झकास आहे, पण व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. लबाडी करताना पकडल्या गेलेल्या माणसाकडेही इलाज उरलेला नसतो. त्याला कोण बिचारा म्हणतं? आज या शब्दात निरुपद्रवीपणा मुरलेला आहे, आणि तो काढून टाकता येणार नाही.

व्युत्पत्तीच धरून बसलो तर ‘साहस’चं काय करणार? धर्मशास्त्रात वादांची जी अठरा व्यवहारपदं सांगितली आहेत त्यांत साहस हे एक आहे. साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. दंडाच्या पायऱ्यांनाही तेच नाव होतं. मनुस्मृतीत प्रथम साहस 250 पण (पण हे तेव्हाचं नाणं), मध्यम 500 आणि उत्तम 1000. आज आपण लहान मुलांना साहसकथा वाचायला देतो! ‘आततायी’ची गोष्ट याच्या उलट. मुळात धनुष्य ताणून अंगावर आलेला तो आततायी. घराला आग लावणारा, विष घालणारा अशांची गणना त्यात व्हायची. मराठीत तो नुसता उतावळा, डोक्यात राख घालून घेणारा माणूस झाला. म्हणजे एक गुन्हेगार वीर झाला आणि दुसरा निव्वळ अविचारी. बिचाऱ्यालाही बदलायचा हक्क आहेच की.

(जाता जाता : ‘सहसा’ही साहसाच्याच घरातला. संस्कृतात त्याचा अर्थ एकाएकी, विचार न करता. मराठीत मात्र ‘मी सहसा असं करत नाही’ म्हणणारा माणूस सगळ्यात सावध असतो.)

नुसतीच वाचक

एरवी मी लिहीत नाही, पण मला वाटतं तुम्ही नामांकडे बघताय आणि खरी गोम क्रियापदांत आहे.

बातम्यांचे मथळे आठवा. ‘अतिउत्साह भोवला’, ‘भरधाव वेग नडला’, ‘सेल्फीचा मोह जिवावर बेतला’. यात कर्ता कोण? उत्साह, वेग, मोह. माणूस असलाच तर ‘त्याला’ होऊन चतुर्थीत बसलेला. व्याकरणाने पाहिलं तर तो सोसणारा आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात तोच आरोपी. काय घडलं हे कळायच्या आत निकाल लागलेला असतो, कारण ‘भोवणे’ला कर्ता म्हणून दुर्गुणच आवडतो. हा शब्द भोवरा आणि भोवळ यांच्या नात्यातला आहे. आपण सोडलेलं गरगरत आपल्याच अंगावर येतं, हे चित्र त्यात मला दिसतं. पावसामुळे घर पडलं तर ‘पाऊस भोवला’ म्हणत नाही.

‘नडणे’ थोडं उदार आहे. ‘चांगुलपणा नडला’ असंही म्हणता येतं. ‘बेतणे’ त्याहून मवाळ. जिवावर काहीही बेतू शकतं, माणसाचा दोष असो वा नसो. ‘अंगलट येणे’त मात्र थोडी लबाडी गृहीत असते. चाल खेळायला गेला आणि ती उलटली, अशी.

तेव्हा तुमच्या भावाने मामांबद्दल कोणतं क्रियापद वापरलं ते आधी सांगा. त्यावरून त्याचा राग किती जुना आहे ते कळेल.

टाकबोरू

क्रियापदांचा मुद्दा मान्य. त्याला जोडून एक. दोघे ड्रायव्हर सारख्याच बेफिकिरीने गाडी हाकतात. एक सुखरूप घरी पोचतो, दुसऱ्याच्या वाटेत मूल येतं. वागणं एकच, पण पहिल्याला फार तर ‘जरा जपून’ म्हणतील, दुसऱ्याला जन्मभर बोल लावतील. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये या कोड्याला जे नाव दिलं त्याला मराठीत ‘नैतिक दैव’ म्हणता येईल. शब्द जरा अवजड आहे, पण त्यात ‘दैव देतं, कर्म नेतं’ची चेष्टा होते. म्हणीत दोघांची कामं वाटून दिलेली आहेत, इथे कर्म चांगलं की वाईट हेही दैवच ठरवायला लागतं. मामांचे पैसे दुप्पट झाले असते तर तेच नातेवाईक ‘धाडस लागतं’ म्हणाले असते, हे मी छातीठोक सांगतो.

पाऊलवाट

म्हणाले असते, पण म्हणून मामांची जबाबदारी संपत नाही. जबाबदार म्हणजे जवाब देणारा. हरल्यावरही जवाब त्यांनीच द्यायचा. माझा आक्षेप बिचारा म्हणून त्यांना त्यातून सोडवण्याला आहे. सहानुभूतीला नाही.

आणि त्यासाठी दुसरे शब्द आहेत ना! कीव नको. ‘तुझी कीव येते’ ही आज सरळ शिवी आहे, आणि ‘कीव करणे’त करणारा उंचावर बसलेला असतो. दयेचंही तसंच, ती केली जाते, दाखवली जाते, भीक म्हणून मागितली जाते. कणव वेगळी. ती कोणी करत नाही, ती येते किंवा वाटते. भांडणात ‘तुझी कणव येते’ म्हणताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही. ‘अनुकंपा’ मुळात फार सुंदर आहे, दुसरा थरथरला की आपणही थरथरणं. पण सरकारी कागदांनी तिचं तत्त्व करून टाकलं.

माझं मत हळहळीला. हळहळणारा माणूस दोष नाकारत नाही, किंबहुना ‘असं करायला नको होतं’ हेच हळहळीचं वाक्य आहे. फक्त ते बोलताना त्याचा जीव तुटत असतो. तेच शब्द जीव न तुटता बोलले की चुकचुकणं होतं.

नुसतीच वाचक

हळहळ पटली. आणि ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीवर माझा जुना राग आहे, तो इथे नोंदवून ठेवते. मागच्याला शहाणपण मिळालं. पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं, कोणी विचारलं का?

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. भावाचं क्रियापद ‘घालवले’ होतं. ‘सगळे पैसे घालवले.’ आई ‘बुडाले’ म्हणते. तुमचे प्रतिसाद वाचेपर्यंत हा फरक माझ्या कानात शिरला नव्हता. आईच्या वाक्यात पैसे आपले आपण बुडतात, भावाच्या वाक्यात मामांनी हाताने फेकलेले असतात.

काल मामांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, ‘घालवले गं मी.’ मी नुसतं ‘हं’ म्हटलं. ‘गेले’ म्हणावं असं जिभेवर आलं होतं, पण त्यांनी स्वतः निवडलेलं क्रियापद मी का बदलू? थोड्या वेळाने विचारलं, ‘जेवलात का?’

‘बिचारे’ म्हटलं नाही. पण मनात तेच होतं, टाकबोरूंच्या अर्थाने.