अनुभव धागा: शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलाखत आणि तुम्ही

रानजाई: काल माळा आवरताना जुनी फाइल सापडली. परदेशी शिकायला पैसे देणाऱ्या टाटा एन्डॉवमेंटच्या अर्जाचा कच्चा खर्डा, त्यावर सरांची लाल शाई. 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' हे खोडून समासात लिहिलेलं, "आवड सगळ्यांनाच असते. तू केलंस काय?" मग यवतमाळकडच्या विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडबद्दल लिहिलं. दोन उन्हाळे बाटल्या घेऊन फिरले होते. मुलाखतीत मार्कांचं कुणी नावही काढलं नाही, सगळे प्रश्न त्या बाटल्यांवर. तुमचे अनुभव लिहा ना.

मुक्काम_पोस्ट: नारळीकर सर टाटांच्याच शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले होते. १८९२ पासून चालू आहे. पण ते कर्ज, फेडायचं असतं. बाबांना कळल्यावर आमच्याकडे आठवडाभर तोच विषय.

सईची_आई: माझं चेवनिंग, ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती. त्याला दोन वर्षं कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे कॉलेज संपल्या संपल्या नाही. पहिल्यांदा नकार. नेतृत्वाच्या निबंधात गॅदरिंग, वक्तृत्व, एनएसएस सगळं कोंबलं होतं. दुसऱ्यांदा फक्त एनएसएसचा बंधारा. पहिल्या पावसात वाहून गेला, पुढच्या वर्षी परत जाऊन बांधला. "वाहून का गेला?" यावरच दहा मिनिटं गेली. कुकर झाला, उरलेलं नंतर

ओंकार७: शिफारसपत्राचं कुणी बोललंच नाही! विभागप्रमुख म्हणाले तूच लिहून आण, सही करतो. नाही घेतलं ते. प्रॅक्टिकलच्या बाईंनी हाताने दीड पान लिहिलं, मी बिघडलेला पंप तीन दिवस खोलून बसलो होतो त्याबद्दल. मला तर आठवतही नव्हतं.

मुक्काम_पोस्ट: @ओंकार७ वाचूनच गलबलून आलं रे.

निळी_शाई: भाचा राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरतोय. तिथे विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान (क्यूएस रँकिंग) आणि कागदपत्रं महत्त्वाची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, तहसीलच्या चकरा वाचतात. त्याच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आहे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले.

रानजाई: @निळी_शाई भाच्याला मनापासून शुभेच्छा. खर्डा वाचायला हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, लाल पेन आहे माझ्याकडे.

सईची_आई: आले. रानजाई, यवतमाळ म्हणजे पांढरकवड्याकडे का? माझं आजोळ तिथलं. आजीचे दात पिवळे पडलेले, आम्हाला वाटायचं तंबाखूने.

रानजाई: अगं तिकडेच! कुठलं गाव?