ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबीच?
गाठीच्या सुईतपासणीत (एफएनएसी) ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका, दिसला की टीबीच समजायचा, असं काहीजण म्हणतात. आपल्याकडे बहुतेकदा तसंच निघतं, मान्य. पण हॉजकिन लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगाच्या) गाठीतही ग्रॅन्युलोमा असू शकतात, आणि खरा चोर, म्हणजे या कर्करोगाच्या रीड-स्टर्नबर्ग पेशी, इतक्या विरळ असतात की सुईत येतीलच असं नाही.

माझ्या मामाला मानेच्या गाठीसाठी चार महिने टीबीची औषधं दिली. सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी) निगेटिव्ह होती, तरीही. गाठ वाढली तेव्हा ‘औषधं चालू असताना कधीकधी वाढते’ असं डॉक्टर म्हणाले (टीबीत तसं होतंही, हीच तर पंचाईत). शेवटी अख्खी गाठ काढून तपासली. सीडी३० आणि सीडी१५ (रीड-स्टर्नबर्ग पेशींवरच्या खुणा) पॉझिटिव्ह, म्हणजे हॉजकिन. मध्ये कुणी स्टेरॉइड दिलं नाही हे नशीब, त्याने गाठ तात्पुरती बसते आणि बायोप्सीही फसू शकते.