शब्दचर्चा : ‘गुत्ता’ लिहावं की दुसरं काही?

मूळ प्रश्न

चिंचपोकळीची आमची चाळ पुनर्विकासात पाडली. तिथल्या जुन्या बिऱ्हाडांच्या आठवणी मी लिहून काढते आहे. चाळीच्या तळमजल्याला, कोपऱ्यावरच्या गाळ्यात देशी दारूचं दुकान होतं. बाबा, काका, वरच्या मजल्यावरचे गाळेकरी सगळे त्याला ‘गुत्ता’च म्हणायचे. चाळीबरोबर तोही गेला. मजकूर वाचून भावाने सुचवलं की ‘गुत्ता’ बरं दिसत नाही, ‘मद्यालय’ नाहीतर ‘पब’ लिही. मला दोन्ही पटत नाहीत. हा शब्द मूळचा कुठला आणि अशा लेखात तो ठेवावा का, ते जाणकारांनी सांगावं.

लातूरहून

ताई, या शब्दात मुळात दारू नाहीच. आमच्या मराठवाड्यात रस्त्याचं, पुलाचं, शाळेच्या इमारतीचं काम घेणारा माणूस आजही ‘गुत्तेदार’. ‘काम गुत्त्यानं दिलं’ म्हणजे ठरलेल्या रकमेत उक्तं दिलं. कानडीत ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट, तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे तेच. कलबुर्गीकडे गुत्तेदार हे आडनावच आहे.

दारू त्यात शिरली ती सरकारी महसुलामुळे. इंग्रजी अमलात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारने स्वतःच्या मुठीत घेतला. मुंबई इलाख्यासाठी १८७८ साली अबकारी कायदा झाला. विक्रीचा हक्क पैसे मोजून मक्त्याने मिळायचा. ज्याने तो घेतला त्याच्याकडे ‘दारूचा गुत्ता’. बोलण्यात ‘दारूचा’ गळून पडलं आणि कराराचं नाव जागेला चिकटलं. हिंदीत ‘ठेका’ शब्दाचं हेच झालं. ठेका म्हणजे कंत्राट, पण उत्तरेत नुसतं ‘ठेके पर’ म्हटलं तरी दारूचं दुकानच समजतात. आपला ‘मक्ता’ मात्र यातून सुटला. त्याची ‘मक्तेदारी’ झाली आणि ती अर्थशास्त्राच्या पुस्तकात गेली. एकाच अर्थाचे दोन शब्द, एक पुस्तकात गेला, एक नाक्यावर राहिला. त्यामुळे गुत्ता हा शब्द मुळात हलका आहे, असं मला वाटत नाही. तिथे येणाऱ्या माणसांना ज्यांनी हलकं मानलं, त्यांनी शब्दालाही खाली बसवलं.

परळहून

लातूरकरांनी व्युत्पत्ती छान मांडली. मी गिरणगावातला वापर सांगतो, कारण इथे तीन शब्द एकमेकांत मिसळून गेले आहेत.

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५०पासून राज्यभर दारूबंदी लागू झाली. म्हणजे कायद्याच्या भाषेत गुत्ता संपलाच. पुढची वीसेक वर्षं जे होतं त्याला ‘अड्डा’ म्हणत. हातभट्टीची दारू, कुणाच्या तरी खोलीत, मागच्या दाराने. ‘आंटीचा अड्डा’ हा शब्द तेव्हाचा. मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांत काही बायका घरातच गिऱ्हाइकाला ग्लास भरून द्यायच्या, त्यांना सगळे आंटी म्हणायचे. पुढे बंदी सैल झाली आणि ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ अशा पाट्या लागल्या. पाटीवरचं नाव कोण उच्चारणार? लोकांनी आजोबांच्या तोंडातला ‘गुत्ता’ पुन्हा बाहेर काढला. मध्ये एक पिढीभर तसली जागाच कायद्याने नव्हती, तरी शब्द टिकला. म्हणून ज्या चाळीबद्दल तुम्ही लिहिता आहात तिथे अड्डा आणि गुत्ता यांची सरमिसळ करू नका. अड्डा चोरून, गुत्ता उघड.

‘परमिट रूम’ ही तिसरी गोष्ट. दारू पिण्यासाठी परमिट लागतं, ही तरतूद कायद्यात अजून आहे, त्यातून ते नाव आलं. तिथे टेबल, खुर्ची, पंखा, वेटर. ‘बसायचं का आज?’ या प्रश्नातलं ‘बसणं’ परमिट रूमचं आहे. गुत्त्यावर आमचे लोक बहुतेक उभ्याने घ्यायचे. मी लहानपणी वडिलांना बोलवायला जायचो तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आहे. लाकडी फळी, तिच्यावर बशीत जाडं मीठ, खाली पाण्याची बादली. रिकामा ग्लास त्या बादलीत एकदा बुडवायचा आणि पुढच्याला द्यायचा. माणूस एका दमात ग्लास रिकामा करी, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवी आणि तोंड वाकडं करून बाहेर पडे. दाराशी अंडेवाला. उकडलेलं अंडं दोऱ्याने मधोमध कापून वर तिखट-मीठ भुरभुरायचा. दोऱ्याचं एक टोक त्याच्या दातांत असायचं.

मापाचा शब्द ‘नवटाक’. शेराचा आठवा भाग, म्हणजे पावशेराचा अर्धा. शेर-पावशेर बाजारातून गेले, मिलिलिटर आले, तरी ‘नवटाक मारून आला’ हे बरीच वर्षं चालू होतं. आता नव्वदची ती ‘निप’ आणि एकशेऐंशीची ‘क्वार्टर’.

हा शब्द ठेवावा असं मी म्हणतो, त्याचं कारण दारू नाही. पाळी सुटली की साचेखात्यातला म्हणजे मागावरचा, रंगखात्यातला, गैरहजर कामगाराच्या जागी येणारा बदलीवाला असे सगळे तिथे दहा मिनिटं तरी थांबत. कुठल्या गिरणीत बदली कामगार घेताहेत, गावी कुणाकडे काय झालं, एस्टीने उद्या कोण निघतंय आणि त्याच्याबरोबर पैसे पाठवता येतील का, हे सगळं तिथे कळायचं. कोकणातला, घाटावरचा, भय्या, तेलुगू पद्मशाली, सगळे एका फळीला टेकलेले. खानावळी गाववार, भजनी मंडळं गाववार, गाळेसुद्धा गाववार, पण गुत्त्याला गाव नव्हतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार थांबल्यावरही लोक येत राहिले. कितीतरी जण काही न घेता नुसते बातमी ऐकायला उभे असत. मालकाने उधारीची वही बंद केली नाही. त्यातली किती वसूल झाली असेल, याचा अंदाज गिरणगावात राहिलेल्या कुणालाही करता येईल.

‘पब’चं म्हणाल तर लोअर परळला गिरण्यांच्या आवारांत आता भरपूर पब आहेत. इंग्रजीत तो शब्द ‘पब्लिक हाऊस’वरून आला, सगळ्यांसाठी उघडं घर असा त्याचा अर्थ. इंग्लंडातल्या गल्लीतल्या पबचं आणि आपल्या गुत्त्याचं काम बरंचसं सारखं होतं, हे मला मान्य आहे. पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘पब’ म्हटल्यावर गिरणी कामगार येणार नाही. ‘मद्यालय’ तर कुणी बोलतच नाही.

भोईवाड्याहून

परळच्या दादांनी मनापासून लिहिलंय, पण बायकांच्या तोंडी हा शब्द कसा होता तेही नोंदवा. माझ्या आईच्या तोंडी ‘गुत्त्यावर’ एवढंच यायचं, पुढचं क्रियापद गाळलेलं. ‘कुठेत?’ ‘गुत्त्यावर.’ पगाराच्या दिवशी ती आणि शेजारच्या दोघी-तिघी गिरणीच्या दरवाजाशी जाऊन उभ्या राहायच्या, कारण दरवाजा आणि आमची खोली यांच्या मध्ये गुत्ता होता. पाकीट आधी हातात घ्यायचं, मग वाटेल तिथे जा म्हणायचं. वडील वाईट नव्हते. पण महिन्याच्या किराण्यात किती कमी पडायचं, ते आईलाच ठाऊक.

मी शब्द गाळा म्हणत नाही, उलट ठेवाच म्हणते. ‘मद्यालय’ लिहिलंत तर माझी आई त्या लेखात कुठेच उभी राहत नाही. फक्त सोबत ‘आडवी बाटली’ हाही शब्द येऊ द्या. दुकान चालू ठेवायचं की बंद करायचं यावर गावात, वॉर्डात मतदान घेण्याचा नियम महाराष्ट्रात झाला. उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद करा. हे शब्द बायकांनी इतके आपलेसे केले की आता ‘बाटली आडवी केली’ एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

म्हापशाहून

गोव्यात याला ‘तावेर्न’, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. त्याला तसा कलंक नाही. वाड्यावरचा म्हातारा संध्याकाळी तावेर्नात जातो, हुर्राक-फेणी ही तिथली गावठी दारू घेतो, घरी येऊन जेवतो. पण चिंचपोकळीच्या लेखात तो नको, उपरा वाटेल.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. भोईवाड्याच्या ताईंचं वाचून थांबले. माझ्या मजकुरात गुत्त्याच्या आत उभे असलेलेच लोक होते, बाहेरून जाणारी एकही बाई नव्हती. आई अजून आहे, तिला विचारून तो भाग वाढवते. शब्द ‘गुत्ता’च राहील, भावाला ही चर्चा दाखवली आहे.

एक शंका उरली. बाबा कधी ‘गुत्त्यात’ म्हणायचे, कधी ‘गुत्त्यावर’. बरोबर कोणतं?

परळहून

दोन्ही बरोबर, पण अर्थ वेगळा. ‘गुत्त्यावर’ हे ‘नाक्यावर’, ‘धक्क्यावर’सारखं. तो परिसर, ते थांबणं, तिथली माणसं सगळं त्यात येतं. न पिणारा माणूसही गुत्त्यावर भेटू शकतो. आमच्याकडचा एक माळकरी रोज तिथे पेपर वाचायला यायचा. ‘गुत्त्यात’ म्हणजे आत, फळीपाशी, ग्लास हातात घेऊन. बाबांनी कुठल्या वाक्यात काय म्हटलं ते आठवून तसंच लिहा, एकसारखं करायला जाऊ नका.