मुलगा सावरतो आहे, पण आमची धास्ती जात नाही : पालकांनी स्वतःसाठी उपचार घ्यावेत का?

अक्कलकोट रोडकर

नमस्कार. आमचा मुलगा 17 वर्षांचा आहे. सुमारे दोन वर्षे घरात तोडफोड, आईच्या अंगावर धावून जाणे, दोनदा घर सोडून जाणे आणि एकदा हातात सुरी घेऊन स्वतःला इजा करण्याची धमकी देणे, असे सगळे झाले. गेल्या वर्षभरापासून त्याच्यावर उपचार चालू असून तो बराच शांत झाला आहे आणि पुन्हा कॉलेजला जाऊ लागला आहे. माझा प्रश्न आम्हा दोघांविषयी आहे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. दिवसभर लूमचा खडखडाट कानावर असतो, त्याचे काही वाटत नाही. पण घरी स्वयंपाकघरात नुसते झाकण पडले तरी छातीत धडधडू लागते. पत्नीने सुरी आणि विळी अजून कपाटात कुलूप लावून ठेवली आहे, भाजी चिरायची असली की किल्ली काढते आणि चिरून झाली की पुन्हा कुलूप लावते. यंदा सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचे दारूकाम सुरू होताच ती होम मैदानावरून रडत परतली. आम्ही एका ठिकाणी हे बोललो, तेव्हा ‘आईवडील शांत राहिले की मूल शांत राहते’ एवढेच ऐकून घरी आलो. मुलगा बरा होत असताना आपण स्वतःसाठी उपचार मागणे योग्य आहे का, आणि असल्यास कोणते?

जुळे सोलापूरमधील मानसशास्त्रज्ञ

दादा, आपल्याला न पाहता निदान करणे मला योग्य वाटत नाही, परंतु वहिनींचे आणि आपले वर्णन वाचून आघातोत्तर ताणविकाराची (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंग सरल्यावरही शरीरमनात टिकून राहणारी धास्ती) तपासणी निश्चितच करून घ्यावी, असे म्हणेन. हा विकार अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 1980 साली आला तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः युद्धावरून परतलेले सैनिक होते. 2013 च्या आवृत्तीत मात्र जिवावर बेतलेला प्रसंग स्वतःवर ओढवणे, तो दुसऱ्यावर ओढवताना पाहणे किंवा जवळच्या माणसावर अकस्मात ओढवल्याचे कळणे, हे सारे स्पष्टपणे धरलेले आहे. मुलाच्या हातातली सुरी पाहिलेली आई त्यात बसू शकते. धोका चालू असताना शरीर धावपळीत गुंतलेले असते आणि घर निवल्यावर ही लक्षणे वर येतात, असे पुष्कळ पालकांच्या बाबतीत दिसते. त्यामुळे ‘आता तर सगळे ठीक आहे, मग आताच का’ या विचाराने स्वतःला दोष देऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली या विकारासाठी दोन मानसोपचारांची शिफारस केली. पहिला आघातकेंद्री बोधवर्तनोपचार, म्हणजे त्या प्रसंगाशी जोडलेले विचार आणि वागणे बदलण्याचा उपचार. दुसरा ईएमडीआर, जो फ्रान्सिन शापिरो यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस विकसित केला. त्यात माणूस त्रासदायक आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या हालत्या बोटांमागे नजर फिरवतो, किंवा त्या माणसाच्या दोन्ही हातांवर आळीपाळीने हलके थोपटले जाते. सत्र साधारण 60 ते 90 मिनिटांचे असते. पहिल्याच दिवशी आठवणीला हात घातला जात नाही. आधी इतिहास समजून घेणे आणि मन स्थिर करण्याचे मार्ग शिकवणे होते, आणि ही पायरी कोणी वगळत असेल तर तेथून उठून यावे.

माझा एक आग्रह आहे. मुलाचा उपचारक आणि आपला उपचारक वेगळा असावा, कारण एकच माणूस दोघांचा असला की पालक मुलाविषयीचा राग मोकळेपणाने बोलत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि ईएमडीआरचे वेगळे प्रशिक्षण, दोन्ही विचारायला संकोचू नये. खर्चाची अडचण असल्यास सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून सुरुवात करता येते, आणि रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते.

होटगी रोडवरील एक आई

माझ्या मुलीने जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न केला होता, ती वाचली, आज शिकते आहे. त्यानंतर आठ महिने मी बाथरूमचे दार लागले की बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत असे, आणि आवाज थांबला की दार ठोठावत असे. शेवटी मुलगीच म्हणाली, “आई, मला आता तुझी भीती वाटते.” मग मी काही महिने सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन उपचार घेतले.

तेथे शून्य ते दहा या मापावर त्रास सांगायला लावतात. बंद दाराची आठवण मी नऊवर सांगितली होती. मला वाटले होते की भीतीच बाहेर येईल. पण तिसऱ्या की चौथ्या सत्रात राग आला, तोही मुलीवर. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावून पडलेल्या पोरीवर आपण मनातून इतके चिडलो होतो, हे कबूल करताना मला जी लाज वाटली ती मी कोणालाही, अगदी यांनाही, सांगितली नव्हती. उपचार करणाऱ्या बाईंनी ना समजूत घातली, ना रागावल्या. “पुढे काय येते ते पाहू” एवढेच म्हणाल्या. पुढे आले ते माझ्या लहानपणचे दुसरेच एक बंद दार, ज्यामागे वडील आईला मारत असत. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही. शेवटी आकडा दोनवर आला. शून्य झाला नाही, आणि तो व्हायलाच हवा असेही आता मला वाटत नाही.

निवृत्त शिक्षक, रेल्वे लाईन्स

माझे मत थोडे वेगळे आहे. हल्ली प्रत्येक दुःखाला आघात म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि पालकाला रुग्ण ठरवले की त्याचा उरलासुरला अधिकारही जातो, असे मी शाळेत पाहिले आहे. इस्रायली मानसशास्त्रज्ञ हाइम ओमेर यांनी अशा पालकांसाठी गांधीजींच्या सत्याग्रहावरून पद्धत उभी केली. मुलावर ओरडायचे नाही, हात उगारायचा नाही आणि शरणही जायचे नाही. घरातली गोष्ट लपवून न ठेवता मामा, काका, शेजारी यांना विश्वासात घेऊन सोबत उभे करायचे. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनेच निम्मे आईबाप एकटे पडतात.

जुळे सोलापूरमधील मानसशास्त्रज्ञ

गुरुजी, लपवाछपवीविषयी आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे, आणि घरात अजून तोडफोड चालू असती तर मीही आठवणींच्या उपचाराआधी सुरक्षिततेचे आणि ओमेर यांच्या पद्धतीचेच बोललो असतो. पण आवाज झाला की ज्या आईचे हातपाय गार पडतात, तिला मुलासमोर शांत पण ठाम उभे राहा असे सांगून ते जमत नाही. शरीराची ती सवय आधी सुटावी लागते. पालकाला उपचार द्यायचे ते मुलासाठी चांगला पालक घडवण्यापुरतेच, हेही मला खटकते. मुलाला काडीचाही फरक पडला नाही तरी वहिनींना रात्रीची झोप मिळण्याचा हक्क आहे.

अक्कलकोट रोडकर

सर्वांचे आभार. होटगी रोडच्या ताईंचे उत्तर पत्नीला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की तिलाही राग येतो. सोमवारी रजा टाकून आम्ही दोघे सिव्हिलला केसपेपर काढायला जाणार आहोत. मुलाला कसे सांगावे या विचारात होतो, पण त्यानेच विचारले आणि ऐकून “बरं” म्हणाला. विळी सध्या कपाटातच आहे.