अनुभव धागा: तुमचा धर्म आणि तुमचं अध्यात्म

पूजा, नमाज, वंदना, प्रार्थना, यातलं काही ना काही आपण सगळेच लहानपणापासून बघत आलो. त्यातलं आत किती उतरलं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. व्याख्या नकोत. धर्माचा आचार पाळताना किंवा सोडल्यावर तुमच्यात काय बदललं, तेवढं लिहा. सुरुवात मी करते.

मी वारकरी घरातली. आळंदीहून पहिल्यांदा चालले तेव्हा दिंडीतल्या एक आजी माझ्या पाया पडायला वाकल्या. मी दचकून मागे सरले. "माउली आहेस तू, मागं काय सरतीस?" म्हणाल्या आणि वाकल्याच. मग मीही वाकले. पंढरपुरात दर्शनाची रांग संपता संपेना. आजींनी नामदेव पायरीला डोकं टेकवलं, समोर चोखोबांच्या समाधीला हात लावला, कळसाला हात जोडले. "झालं दर्शन. चला, पेरण्या खोळंबल्यात."

चोखोबांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. दलितांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. ज्या धर्माने दार लावलं, त्याच्याच दाराशी चोखोबांनी इतके उत्कट अभंग रचले. मला हे अजून उलगडलेलं नाही.

नागपूरहून

चोखोबांचं वाचलं म्हणून लिहितो. माझ्या आजीला दाराशी थांबायचंच नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे ती होती. बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि घरी येऊन देव्हारा रिकामा केला. आत्मा, मोक्ष ही भाषा आमच्या घरात नाही. पण पहाटे पंचशील म्हणताना "सुरामेरय मज्ज पमादट्ठाना" ही नशा टाळण्याची ओळ आली की आजी आजोबांकडे बघायची. रोज. आजोबांची दारू सुटली ती त्यामुळे. याला धर्म म्हणा नाहीतर अध्यात्म, आमच्या घराला त्याने वाचवलं.

नाशिकहून

इगतपुरीला धम्मगिरीत विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. जप, माळ, उदबत्ती सगळं बाजूला ठेवायचं. पहाटे चारला घंटा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास, मग अंगावरच्या संवेदना. तासभर न हलता बसायचं तेव्हा गुडघा ठणकायचा. ठणका गेला नाही, त्याच्याशी चाललेलं भांडण तेवढं थांबलं. भावाशी जमिनीचा दावा अजून चालू आहे. पण तारखेला तो समोर आला की छातीत काय होतं ते मला लगेच कळतं आणि शिवी ओठावर येत नाही. आता घरी रोज पहाटे बसतो, संध्याकाळी रामरक्षाही म्हणतो.

वसईहून

ऑक्टोबरात आमच्याकडे ख्रिस्ती घरांत घरोघरी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना असते. मला त्यात कधी काही जाणवायचं नाही, नुसतं पाठांतर. वडील गेले त्या रात्री मात्र स्वतःचे शब्दच सुचेनात. तोंडात आली ती तीच पाठ प्रार्थना. तेव्हापासून पाठांतराला नावं ठेवत नाही.

सोलापूरहून

मी देव मानत नाही. नर्स आहे. एका रात्री अखेरच्या घटका मोजणाऱ्या पेशंटच्या मुलाने विचारलं, "सिस्टर, अब्बांचं तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला करता येईल?" कॉटच्या चाकांचे ब्रेक काढले, सलाइनचा स्टँड फिरवला, दोघांनी मिळून कॉट वळवली. तो कलमा म्हणत होता, मी नाडी धरून उभी. ड्युटी म्हणूनच केलं, पण ड्युटीपेक्षा जास्त काहीतरी होतं. त्याला देव म्हणायला मी आजही तयार नाही.

धागाकर्ती

सोलापूरच्या ताई, म्हणूही नका. लिहिलंत हे फार बरं झालं. नाशिकचे दादा, शिबिरात तर दोन साधना मिसळू नका म्हणतात. मग रामरक्षा कशी?

नाशिकहून

मिसळत नाही. बसणं माझ्यासाठी आहे. रामरक्षा आईसाठी, तिला आता डोळ्यांनी वाचता येत नाही. मी एखादी ओळ गाळली तर ती तिथेच थांबवते.